गप बसायची खोली

वडगाव, बेळगाव
३ मे १९३६

ती. आक्का,

साष्टांग नमस्कार. तुमच्या वखारीतल्या तंबाखूपासून जरा उसंत मिळाली असेल तर हे पत्र बसून वाच. उभ्या उभ्या वाचण्यासारखी बातमी नाही.

आप्पांची मागाची खोली आम्ही उघडली! आप्पा गेल्यापासून तिला कडी होती, हे तुला ठाऊकच आहे. मी पडलो शाळामास्तर, माझ्या हातून धोटा कधी सरळ गेला नाही. माग शेजारच्या इमामसाबने आपल्या घरी नेला. मग मागाचा खड्डा बुजवला, भिंतींना चुना दिला आणि तुझ्या भावजयीने, कल्याणीने, जमीन सारवून दिली. आता त्या खोलीत काय आहे म्हणशील, तर काहीही नाही! देव नाही, तसबीर नाही, क्रूस नाही, पोथी नाही. नुसत्या चटया. ज्याला यायचे त्याने यावे, चपला बाहेर काढाव्यात आणि गप बसावे. ज्याचा जो देव असेल त्याला मनात आठवावे. हिंदू, मुसलमान, जैन, लिंगायत, ख्रिस्ती, कोणालाही मज्जाव नाही.

गेल्या गणपतीत पलीकडच्या गल्लीत वाजंत्रीवरून कुरबूर झाली होती, तेव्हापासून माझ्या डोक्यात हे घोळत होते. गावात एक तरी जागा अशी असावी, जिथे कोणी काहीच वाजवणार नाही. आम्ही समितीही नेमली. मी, इमामसाब, सुताच्या दुकानाचा जैन भरमाप्पा आणि कॅम्पात पावाची भट्टी असलेला इनास. संध्याकाळी आमच्या कट्ट्यावर बसून गप्पा मारणारे आम्ही चौघे, आता आत बसून गप्प राहणार. कल्याणी म्हणते, तुम्ही खरंच गप्प राहणार असाल तर माझा पाठिंबा आहे.

दारावर मी स्वतः 'शांतिसदन' अशी पाटी रंगवली आहे. लोक मात्र 'गप खोली' म्हणतात. अडचण एकच. चारी बाजूंना घराघरात माग चालू, दिवसभर खटक-खट, खटक-खट. सदन आले आहे, शांती यायची आहे.

तुझा,
केशव

*

निपाणी
मंगळवार, १२ मे

केशवा,

आशीर्वाद. तुझं पत्र वखारीच्या दारात बसून वाचलं आणि लागोपाठ शिंकले. तंबाखूनं शिंकले बाबा, तुझ्या बातमीनं न्हाय. बातमी लई आवडली.

पर आधी हसू आलं बघ. गप बसायची खोली काढली कुणी, तर केशवानं! ल्हानपणी तुला गप करायला आई तोंडात गूळ घालायची. गूळ विरघळला की तुझं परत सुरू. शाळेत एकटं जायला भ्या वाटतं म्हणून रडून घर डोक्यावर घ्यायचास, म्हणून तर आप्पांनी मला तुझ्याबरोबर धाडलं. तुझ्या रडण्यानं मला लिहायला आलं, ते उपकार मी इसरले न्हाय. आणि तो इमामसाब? त्यो खोकला की आमच्या परड्यातल्या कोंबड्या उडायच्या. बसा गप आता चौघं. मला बघायचंच हाय.

आता कामाचं. आमच्या घरात उजाडल्यापासनं 'आई, किल्ली कुठाय', 'आत्याबाई, मीठ किती', 'आजी, ह्यानं मारलं'. मी जरा गप बसले की सुनांना वाटतं सासू रुसली. परवा न्हाणीत जरा जास्त येळ बसले, तर धाकट्यानं दार बडवून इचारलं, "आई, बरी हायस न्हवं?"

आई गेल्यापासनं मी पंचमीला माहेरी आलेच न्हाय. पाय निघंना. औंदा येणार. त्या खोलीत खिडकीखाली आई रहाट घेऊन सुताच्या कांड्या भरत बसायची, त्या जाग्यावर मला बसायचंय. दुसरं काय नको, नुसतं बसायचंय. तुमच्या खोलीत बायकांना चालतं न्हवं? तेवढं कळीव.

आक्का

*

वडगाव
२८ मे १९३६

ती. आक्का,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, कारण समितीपुढे एक बिकट प्रश्न उभा राहिला होता. दिशेचा!

पहिल्याच दिवशी मी पूर्वेकडे तोंड करून बसलो. इमामसाब पश्चिमेकडे तोंड करून बसला. म्हणजे झाले काय, आम्ही दोघे समोरासमोर, गुडघ्याला गुडघा. डोळे मिटले, मन एकाग्र केले, आणि जरा उघडून बघतो तर समोर इमामसाबची दाढी आणि त्याचाही एक डोळा उघडा! दोघांनाही हसू आवरेना. भरमाप्पा ईशान्येच्या कोपऱ्यात बसला होता, तो खवळला. इनास म्हणाला, मला कुठलीही दिशा चालेल, उजेड तेवढा डोळ्यावर नको.

पुष्कळ खल झाला. शेवटी तोड निघाली. मी आणि इमामसाबने जागा बदलल्या. आता मी पूर्वेकडे, तो पश्चिमेकडे आणि आमची पाठीला पाठ. आक्का, काय सांगू! दोघांनाही पाठदुखी. आता एकमेकांना टेकून असे निवांत बसतो की उठावेसे वाटत नाही. गल्लीतला एक लिंगायत विणकरही येतो. तो गळ्यातले इष्टलिंग तळहातावर घेऊन बसतो, त्याचा देव त्याच्या हातात, त्याला दिशेची भानगडच नाही. त्याचा आम्हा सगळ्यांना हेवा वाटतो.

बाकी सर्व क्षेम. कल्याणीचा नमस्कार.

केशव

*

निपाणी
वटपुनवेचा दुसरा दिवस

केशवा,

मी इचारलं एक. तू पूर्व सांगितलीस, पश्चिम सांगितलीस, ईशान्य सांगितलीस. बायकांचं काय, ते कुठल्या दिशेला गेलं?

तुला मी ओळखत न्हाय व्हय? चिंचा चोरून आलास की असाच दुसरंच कायतरी सांगत बसायचास. सरळ लिही.

आक्का

*

वडगाव
१४ जून १९३६

ती. आक्का,

नमस्कार. सरळ लिहितो.

तुझे पहिले पत्र आले तेव्हाच मी समितीत विषय काढला होता. आता बघ, चटया कुठल्या घ्याव्यात यावर आमचे एकमत होईना. उदबत्ती लावावी, लोबान जाळावा, की मेणबत्ती, यावर तर भांडणच झाले, म्हणून शेवटी काहीच लावत नाही. पण बायकांचा विषय निघाला मात्र, आणि चारी धर्मांचे एका दमात एकमत! बायका नकोत. असे एकमत मी जन्मात पाहिले नव्हते.

भरमाप्पा म्हणाला, बायका आल्या की बोलणे आले. इमामसाब म्हणाला, बांगड्या वाजतात. इनास म्हणाला, पाठोपाठ पोरे येणार. मी काय म्हणालो असे विचारशील. मी काही म्हणालो नाही.

पण तू वाईट वाटून घेऊ नकोस, मी युक्ती काढली आहे. पंचमीला तू ये. दुपारी जेवणे झाली की सगळे आपापल्या घरी लवंडतात. तेव्हा मी मागच्या दाराने तुला आत सोडीन आणि बाहेर उभा राहीन. तू हवा तेवढा वेळ बस. कोणाला काही कळायचे नाही.

केशव

*

निपाणी
आषाढ लागला त्या दिवशी

केशवा,

तुझी युक्ती वाचली. दोन दिस जेवण ग्वाड लागलं न्हाय.

मागच्या दारानं? त्या खोलीत चालायला शिकले मी. खिडकीखाली आई दिसभर कांड्या भरायची, मी तिला लड्या सोडवून द्यायची. लुगडं बाजारात गेलं की लोक आप्पांच्या हाताचं नाव काढायचे. आईनं कवा एक शब्द काढला न्हाय. तुमचा भरमाप्पा म्हणतो बायका आल्या की बोलणं आलं. त्या खोलीत सगळ्यात जास्त गप कोण बसलं असंल तर ती आपली आई. आणि तिच्या लेकीनं चोरावाणी आत शिरायचं, आणि तू बाहेर राखण करणार?

इमामसाबचं मला नवल वाटत न्हाय, इनासला तर मी बघितलंबी न्हाय. पर तू काहीच म्हणाला न्हाईस, हे मला लागलं. लई लागलं रं.

पंचमीला येत न्हाय. कल्याणीला सांग, माझ्या वाटचं पुरणाचं दिंड गल्लीतल्या लेकरांना दे.

जयाबाई

*

वडगाव
१५ जुलै १९३६

ती. आक्का,

नमस्कार. 'जयाबाई' अशी सही करून तू पत्र धाडलेस. आजवर असे कधी झाले नव्हते. मी ते शाळेत खिशात घेऊन फिरलो आणि मुलांना गणित चुकीचे शिकवले.

कल्याणीने विचारले, आक्का का येत नाहीत? मी काहीबाही सांगितले. तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि पत्र मागून घेतले. वाचून म्हणाली, "गप बसायच्या खोलीत बसून तुम्ही नको तिथं गप बसायला शिकलात." तिचे खरे आहे, आक्का. माझे चुकले. तू समोर असतीस तर पाय धरले असते.

त्याच संध्याकाळी मी तुझे पत्र समितीत मोठ्याने वाचले. आईचे वाचताना मला पुढचे दिसेना, तेव्हा इनासने कागद घेऊन वाचले. इमामसाब खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "मास्तर, ह्या आक्काच्या हातची भाकरी खाऊन मी वाढलो. बायका नकोत म्हणताना मला आक्का आठवलीच न्हाय. बायका म्हंजे कुणी दुसऱ्याच, आसं वाटलं." मग म्हणाला, आपली बहीण खातूनबी संकेश्वराहून पंचमीला येते, तिलाही आपण कधी विचारले नाही.

इनास वळला. भरमाप्पा मात्र हट्टाच्या घोड्यावरून उतरेना. "आक्का थोरच. पर नेम तो नेम. बायकांच्यानं गप बसणं हुणारच न्हाय!"

तेवढ्यात दारातून कल्याणी म्हणाली, "मग बघाच एकदा. बायका आत बसतील, तुम्ही बाहेर कान लावून उभे राहा. आतून एक शब्द आला तर तुमचा नेम कायम. नाही आला तर पाटीवर 'बायकांसह' असं लिहायचं."

भरमाप्पाने विचारले, केव्हा? तर ही म्हणाली, पंचमीला!

आता पंचमी म्हणजे झोपाळे, फुगड्या आणि गाणी. साऱ्या वर्षाचे बोलणे बायका त्या एका दिवशी बोलून घेतात. भरमाप्पा खूश होऊन मांडी थोपटत घरी गेला. मला धडकी भरली आहे. पण त्या दिवशी वडगावात माग बंद असतात, एवढेच एक आपल्या बाजूने आहे.

आक्का, पुढच्या दाराने ये. सगळ्यांच्या देखत ये. तुझ्याशिवाय हे व्हायचे नाही, आणि तुझ्याशिवाय ते मला नकोच आहे.

तुझा,
केशव

*

निपाणी
रविवार

केशवा,

बुधवारी सर्विस मोटारनं येते. कल्याणीला म्हणावं, शाबास गं बाई. भरमाप्पाला म्हणावं, कान धुऊन ठेव.

आक्का

*

वडगाव
२९ जुलै १९३६

ती. आक्का,

त्रिवार नमस्कार! शुक्रवारी पहाटेच्या मोटारीने तू निघून गेलीस. मी विचारले, आत कसे वाटले, तर तू नुसती हसलीस. इथे काय झाले ते तुला कळवलेच पाहिजे.

तुम्ही बायका आत गेलात, दार लोटले गेले. आम्ही चौघे बाहेर. भरमाप्पा खिडकीखाली उकिडवा बसला, कानामागे हात धरून. मी मनात म्हणत होतो, आता कोणीतरी बोलणार, आता बोलणार. काही नाही! बांगडीसुद्धा वाजेना. माग बंद, गल्ली शांत, आतून चकार शब्द नाही. उलट आवाज आमचाच. इमामसाबला खोकला आला, तो दाबता दाबता लालबुंद झाला आणि शेवटी मारुतीच्या देवळापर्यंत पळत जाऊन खोकून आला. भरमाप्पा दर थोड्या वेळाने विचारी, "काय ऐकू आलं?" इनास त्याला "श्श" करी, आणि त्याच्या त्या "श्श"वरून त्यांचे भांडण लागे.

हळूहळू आतून श्वास ऐकू येऊ लागला. सगळ्यांचा मिळून एक, खोल, संथ. आक्का, आम्ही इतके दिवस बसलो, आम्हाला असा श्वास साधला नाही. आणि मग त्यातून एक घुमारा उठला. खर्जातला, लांबलचक. भरमाप्पाने हातच जोडले. म्हणाला, आमच्या एका थोर मुनींच्या मुखातून असा नाद ऐकला होता. इमामसाब म्हणाला, दर्ग्यात पोचलेले फकीर बसतात तेव्हा असाच आवाज येतो. इनासच्या डोळ्यांत पाणी आले. तो म्हणाला, चर्चमधल्या बाजाचा सगळ्यात खालचा सूर असाच असतो, छातीत वाजतो.

ऊन कलले तरी तुमच्यापैकी कोणी उठेना. आम्ही चौघे उन्हात उभे, पण कोणी हलले नाही.

रविवारी बैठक झाली. ठराव भरमाप्पाने स्वतः मांडला. बायकांना खोली खुली, कधीही, पुढच्या दाराने. पाटीवर मी तसे लिहिलेही. शिवाय भरमाप्पाचा आग्रह आहे की तू येऊन आम्हाला चार शब्द सांगावेस, इतकी एकाग्रता पहिल्याच बैठकीत कशी साधली यावर व्याख्यान द्यावेस. तो तर म्हणतो, आजपासून आक्का आमच्या गुरू.

सांग ना आक्का, कसे साधले?

केशव

*

निपाणी
नारळी पुनव झाल्यावर

केशवा,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचून इतकी हसले की सुना पळत आल्या. सांगते, पर आधी दाराला कडी घाल.

आम्ही झोपलो होतो.

सगळ्या. झाडून सगळ्या. आता आमची काय चूक सांग? पंचमीला चिरायचं न्हाय, तळायचं न्हाय, म्हणून दिंडं उकडायला कल्याणी आणि मी कोंबडं आरवायच्या आधीपासनं चुलीपुढं. खातूनबी आदल्या दिशी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आलेली. भरमाप्पाची बायको अक्काताई उपाशीपोटी पंगती वाढून आलेली. इनासच्या म्हाताऱ्या आईनं सकाळी पावाचं पीठ तिंबलेलं. आत गेलो तवा अगदी ताठ बसलो बघ, दात-ओठ खाऊन. एकमेकींकडं बघायचं न्हाय असं ठरलंवतं, बघितलं तर हसू येईल म्हणून. मी खिडकीखाली बसले.

आणि मग केशवा, गप झालं. माग न्हाय, हाक न्हाय. किल्ली कुणी मागंना, मीठ कुणी इचारंना. पयला अक्काताईचं डोकं खातूनबीच्या खांद्यावर पडलं. खातूनबीनं तिला हलवलं न्हाय. तिनं आपला पदर तिच्या अंगावर घातला आणि भिंतीला टेकून डोळं मिटलं. मग कल्याणी. मग इनासची आई तर सरळ आडवीच झाली. तुमचा तो खर्जातला घुमारा म्हंजे ती माउली घोरत होती! इनासला आईचं घोरणं ओळखू आलं न्हाय, ह्याचंच मला नवल वाटतंय.

मी जागी होते सगळ्यांत शेवटपर्यंत. खरं सांगू? मी आईला आठवून रडायचं ठरवून आलते. त्यासाठीच तर सगळा हट्ट. खिडकीतनं वारं येत होतं. आईला मी त्या खोलीत कशी कशी बघितली ते आठवाय लागले. रहाट फिरवताना, लड्या झटकताना, तुला मांडीवर घेऊन एका हातानं कांडी भरताना. ताप होता तवाबी तशीच. आणि मला उमगलं की त्या खोलीत आईला निजलेली मी कवा बघितलीच न्हाय. एकदाबी न्हाय. तिचं डोळं मिटलेलं मी बघितलं ते गेली त्या दिशीच.

मग मी तिच्या जाग्यावर आडवी झाले. तिच्या वाटचंबी निजले. कुणी उठवलं न्हाय. केशवा, लग्न झाल्यापासनं इतकं बरं मला कवा वाटलं न्हवतं. उठले तर गालावर चटईची नक्षी उठलेली. तुम्ही चौघं दारात हात जोडून उभे, मग काय सांगायचं? खातूनबीनं माझा हात दाबला, म्हणून हसले नुसती.

भरमाप्पाला सांगायचं का न्हाय ते तू ठरव. अक्काताई म्हणती, सांगू नका, घरात पयल्यांदाच मला 'अहो' म्हणाय लागलेत.

व्याख्यान द्यायला मी दिवाळीत येते. बायका येतील, बाप्येबी येऊ देत, कुठल्याबी जातीधर्माचे. पूर्वेला बसू देत न्हायतर पश्चिमेला. मी जास्त बोलणार न्हाय. येताना ज्यानं त्यानं आपापली उशी तेवढी आणावी.

तुझी,
आक्का